ॲलर्जीच्या थेंबांनी खाज गेली, पण डोळे कोरडे पडले

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 34, दिवसभर कॉम्प्युटरवर काम, जाणं-येणं स्कूटरवर. पावसाळा संपता संपता डोळ्यांना विलक्षण खाज सुटली. डॉक्टरांनी ॲलर्जीचे थेंब दिले, दिवसातून दोनदा. खाज थांबली, थेंब मात्र थांबले नाहीत. सहा महिने झाले, चालूच आहेत. सोबत रात्री सर्दीची गोळी. आता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी जळजळतं, मधूनच पाणी येतं, स्क्रीनवरची अक्षरं पुसट होतात आणि डोळे मिचकावले की पुन्हा स्पष्ट दिसतात. थेंब बंद करू, की कोरडेपणाचे वेगळे थेंब जोडू, असं त्या विचारतात. शेवटी सहज एक ओळ आहे : आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरलेत, त्यांनी लाली लगेच जाते, ते चालतील का?

ताई, ती शेवटची ओळ आधी घेतो. नाही, ते चालणार नाहीत. ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लाली झटकन जाते ती त्यामुळेच. पण स्टेरॉइडने डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. साधारण तीन माणसांतल्या एकाचा थोडाफार वाढतो, शंभरातल्या चार-पाच जणांचा चांगलाच वाढतो. आपण त्यांतले आहोत की नाही हे आधी कळत नाही, आणि वाढलेला दाब दुखतही नाही. त्यातून काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही. मेडिकलमधून स्वतःच आणलेले ‘ॲलर्जीचे’ थेंब वर्ष-दोन वर्षं घालून, बाजूचं दिसेनासं झाल्यावर आलेली विशी-पंचविशीतली मुलं मी तपासली आहेत. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं काहीही लिहिलेलं असेल तर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ती डोळ्याजवळ न्यायची नाही. शिवाय उघडून महिना उलटलेली बाटली तशीही टाकायचीच असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘बंद करू की जोडू’ हे ठरवण्याआधी डोळा कोरडा कोण करतंय ते शोधावं लागेल. तुमच्या वर्णनात मला निदान चार संशयित दिसतात : थेंबातलं औषध, थेंब टिकवण्यासाठी घातलेलं रसायन, रात्रीची गोळी, आणि स्क्रीन-वारा-धूळ हे रोजचं त्रिकूट. पाचवी आहे खुद्द ॲलर्जी, कारण महिनोन् महिने सुजलेला डोळा चांगलं पाणी बनवत नाही. डोळा न बघता यांपैकी कोणा एकाचं नाव मी घेणार नाही. पण पंचवीस-एक वर्षं सांगलीत रुग्ण तपासताना ज्याच्यावर पहिलं बोट ठेवायला शिकलो, तो औषध नव्हे. तो औषधाचा सोबती आहे.

तो कसा त्रास देतो हे समजण्यासाठी डोळ्यातलं पाणी कसं असतं ते सांगतो. अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणी नाही. बुबुळाला चिकटून बुळबुळीत, शेंबडासारखा एक थर असतो, त्यामुळे पाणी बुबुळावर पसरतं, ओघळून जात नाही. त्यावर पाण्याचा भाग. आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं. मिसळीच्या रश्श्यावर तर्री असली की खालचा रस्सा बराच वेळ कढत राहतो, कारण तर्रीखालून वाफ सुटत नाही. डोळ्यावरचं तेल हेच काम करतं. आता त्या तर्रीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. तेल फुटून बाजूला होतं.

थेंबांच्या बहुतेक बाटल्यांमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं रसायन असतं. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात, आणि ते काम ते चोख करतं. पण गुणधर्माने ते साबणाच्याच जातीचं आहे. तेलाचा थर फोडतं, बुळबुळीत थर बनवणाऱ्या पेशी कमी करतं आणि बुबुळाच्या वरच्या पेशींनाही इजा करतं. दोन-तीन आठवडे थेंब घालणाऱ्याला याचा त्रास सहसा होत नाही. तुम्ही मात्र दिवसाला दोन या हिशेबाने सहा महिन्यांत एकेका डोळ्यात साडेतीनशेच्या वर थेंब घातले आहेत. आज संध्याकाळी बाटलीचं लेबल भिंगाखाली धरून बघा. अगदी बारीक अक्षरांत या रसायनाचं नाव आणि 0.01 टक्के असं काहीतरी प्रमाण सापडण्याची शक्यता बरीच आहे.

लेबल वाचताना आणखी एक गोष्ट बघा. ‘ॲलर्जीचे थेंब’ या नावाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन, बेपोटॅस्टीन, अल्काफ्टाडीन ही खरी ॲलर्जीची औषधं. ती खाज आणणाऱ्या हिस्टमीनला अडवतात, आणि ज्या पेशींमधून ते सुटतं त्या पेशींनाही शांत ठेवतात. दुसरे नॅफॅझोलीनवाले, डोळे पांढरेशुभ्र करणारे. हे रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून लाली जाते. परिणाम ओसरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि चक्र सुरू राहतं. यात कित्येकदा कापूर किंवा मेंथॉलही असतं. ‘थंडगार वाटतं हो डॉक्टर’ म्हणून लोक ते वर्षानुवर्षं घालतात. तिसरे स्टेरॉइडवाले, त्यांच्याबद्दल वर बोललो. तुमच्याकडे पहिल्या गटातलं औषध असेल असं धरून पुढे लिहितो. दुसऱ्या गटातलं निघालं तर पुढचं वाचायच्या आधीच ते थांबवा.

औषध स्वतः कोरडेपणा आणतं का? थोडाफार आणू शकतं. हिस्टमीनविरोधी औषधांपैकी काहींचा परिणाम अश्रुग्रंथींना चालना देणाऱ्या मज्जातंतूंच्या निरोपावरही होतो, आणि पाणी कमी सुटतं. पण ओलोपॅटाडीनसारख्या नव्या थेंबांत हा दोष बराच कमी आहे. रात्रीची गोळी मात्र साऱ्या शरीरभर फिरते. नाक सुकवते तशी डोळे आणि तोंडही सुकवते. जुन्या, झोप आणणाऱ्या क्लोरफेनिरामीनसारख्या गोळ्या यात सगळ्यात पुढे. सेटिरिझीन, लेव्होसेटिरिझीन त्यामानाने सौम्य, पण सहा महिने रोज घेतल्यावर त्यांनाही निर्दोष म्हणता येणार नाही. सकाळी उठल्यावर तोंडाला कोरड पडलेली असते का, ते आठवा. पडत असेल तर गोळीवरचा संशय वाढतो.

डोळ्यांतून पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दहांतले आठ जण विचारतात. पृष्ठभाग उघडा पडून टोचायला लागला की मेंदू घाबरून पाण्याचा लोंढा सोडतो. त्या लोंढ्यात ना पुरेसं तेल असतं ना बुळबुळीत थर, त्यामुळे तो गालावरून वाहून जातो आणि डोळा पुन्हा कोरडाच. मिचकावल्यावर अक्षरं स्पष्ट होतात ही तुमची खूण तर अगदी बोलकी आहे. पापणी फिरली की पाण्याचा थर नव्याने पसरतो, काही सेकंदांत तो फाटतो, की पुन्हा पुसट.

तपासणीत आम्ही हेच मोजतो. एक पिवळा रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात बघतो : मिचकावल्यानंतर पाण्याचा थर किती सेकंदांत फाटतो. दहाच्या आत फाटला तर गडबड आहे. त्याच रंगाने बुबुळावरच्या जखमी पेशी हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकतात. ठिपके बुबुळाच्या खालच्या भागात दाटलेले असले आणि सोबत बाटल्यांचा इतिहास असला, तर थेंबांचाच त्रास झाला असावा असं मला वाटू लागतं. दुसरी चाचणी कागदाच्या पट्टीची. ती खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवून ठेवतात. 10 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका, 5 पेक्षा कमी तर पाणीच कमी बनतंय. ही साधी तपासणी आहे, कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे होते. एकदा करून घ्याच.

घरच्या घरी करण्यासारखी पारख एकच : खाज की जळजळ? नाकाजवळच्या कोपऱ्यात खाज, चोळावंसं वाटणं, चोळल्यावर क्षणभर स्वर्गसुख, ही ॲलर्जी. खुपणं, जळजळ, दिवस कलेल तसा वाढणारा थकवा हा कोरडेपणा. तुमच्या आताच्या तक्रारीत ‘खाज’ हा शब्दच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? म्हणजे ज्या आजारासाठी थेंब सुरू केले तो बहुधा निवलाय, आणि तुम्ही उपचाराचा त्रास सोसताय.

इथे माझी एक चूक सांगतो. आमच्याकडे हळदीचा मोठा बाजार आहे. तिथल्या गोदामात काम करणारे एक काका डोळ्यांच्या खाजेसाठी आले. मी ॲलर्जीचे थेंब दिले. महिन्याने खुपतंय म्हणाले, मी कृत्रिम अश्रूंची बाटली जोडली. पुढच्या खेपेला डोळे लाल, चिकट, मला जंतूंची शंका आली, तिसरी बाटली दिली. चौथ्या खेपेला ते पिशवीतून तिन्ही बाटल्या काढून टेबलावर मांडत म्हणाले, “डॉक्टर, औषधं वाढली तसा त्रासबी वाढला की!” मी पहिल्यांदाच तिन्ही लेबलं शेजारी शेजारी ठेवून वाचली. तिन्हींतही तेच रसायन. दिवसाकाठी त्यांच्या डोळ्यांत ते बारा-तेरा वेळा जात होतं, माझ्याच सहीने. सगळं बंद केलं, फक्त प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, नसलेले कृत्रिम अश्रू ठेवले, आणि गोदामात गॉगल. तीन आठवड्यांत बुबुळावरचे ठिपके जवळजवळ गेले. तेव्हापासून नवी बाटली लिहिण्याआधी जुनी कुठली थांबवता येईल हे मी आधी बघतो.

तर तुमच्यासाठी काय करता येईल. खाज खरोखरच नसेल तर ॲलर्जीचे थेंब थांबवून बघायला हरकत नाही. यांची सवय लागत नाही, हळूहळू कमी करावे लागत नाहीत. ज्यांनी ते लिहून दिलेत त्यांना मात्र एक फोन करा, कारण तुमच्या पापणीच्या आत काय आहे ते त्यांनी पाहिलंय, मी नाही. थांबवल्यावर आठ-दहा दिवसांत खाज परतली, तर तेच औषध दिवसातून एकदाच घालायच्या जास्त ताकदीत मिळतं. ओलोपॅटाडीन 0.1 टक्के दोनदा घालावं लागतं, 0.2 टक्के एकदा. एवढ्या बदलाने रसायनाचा मारा निम्म्यावर येतो. काही औषधं प्रिझर्व्हेटिव्हशिवायही मिळतात, पण सगळ्या गावांत मिळतीलच असं नाही. मेडिकलवाल्याला मागवायला सांगावं लागतं.

गोळी कशासाठी चालू आहे ते विचारा. नाकासाठी असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे हा बऱ्याच जणांसाठी चांगला पर्याय असतो. त्याने नाक तर सुधारतंच, डोळ्यांची खाजही कमी होते आणि गोळीचा कोरडेपणा टळतो. डोळ्यात घालायचं स्टेरॉइड वाईट आणि नाकातलं चालतं, हा विरोधाभास वाटेल. नाकातला डोस अगदी कमी आणि स्थानिक असतो. तरी घरात काचबिंदू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

कृत्रिम अश्रू जोडायचे, तर ते अशा डोळ्याला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हवेत. एकेका वापराच्या चिमुकल्या नळ्या मिळतात, किंवा खास झडपेची बाटली. महाग पडतात हे मान्य आहे. नाहीच परवडलं तर ज्यांच्या लेबलवर स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स लिहिलंय ते बघा. ते टिकवणारं रसायन डोळ्यात गेल्यावर मीठ, पाणी आणि ऑक्सिजन यांत मोडून जातं, त्यामुळे बरंच सौम्य. आत कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज असो की सोडियम हायलुरोनेट, मला त्यात फार डावं-उजवं करावंसं वाटत नाही. सुरुवातीला दिवसातून चार वेळा, त्रास होण्याची वाट न बघता, घड्याळ लावून. रात्री घट्ट जेल चालेल, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून झोपतानाच.

या अश्रूंचा एक फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. ते डोळ्यातले परागकण आणि धूळ धुऊन काढतात, म्हणजे ॲलर्जीवरही उपचारच. फ्रिजच्या दारात ठेवून गार घातले तर खाजही शमते. बाटली मात्र डब्यात ठेवा, हिरव्या मिरचीच्या पिशवीला टेकून नको.

दोन थेंबांमध्ये अंतर ठेवा, पाच मिनिटं तरी, दहा उत्तम. एका थेंबात 30 ते 50 मायक्रोलिटर द्रव असतो, आणि डोळ्यात एरवी पाणी असतं अवघं 7 मायक्रोलिटरच्या आसपास. म्हणजे एकच थेंब ओसंडून वाहतो, लगोलग दुसरा घातला तर पहिलाही घेऊन जातो. औषध आधी, अश्रू नंतर, जेल सगळ्यात शेवटी. थेंब पडला की डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबा, घशात कडू उतरणार नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर औषध घालून पंधरा मिनिटं झाल्यावरच लेन्स घाला. मऊ लेन्स ते रसायन शोषून घेते आणि दिवसभर डोळ्याला देत राहते. खरं तर हा महिनाभर चष्माच बरा.

शेकाबद्दल फार गोंधळ असतो. ॲलर्जीला गार, कोरडेपणाला गरम असं सांगतात, आणि ज्याला दोन्ही आहे तो बिचारा टॉवेल घेऊन उभाच. मी असं सांगतो : खाज चालू असेल तेव्हा फक्त गार, कारण उबेने रक्तवाहिन्या फुगतात आणि खाज भडकते. खाज नसलेल्या दिवसांत, पापणीच्या कडा जाड आणि तेलकट वाटत असतील, सकाळी पापण्यांवर कोंड्यासारखं काही दिसत असेल, तर ऊबदार ओल्या कापडाने पाच-दहा मिनिटं शेक. साकळलेलं तेल त्याने पातळ होतं. शेकल्यावर पापणीच्या कडेवरून हलकं बोट फिरवा, वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर. डोळे चोळायचे मात्र कधीच नाहीत. चोळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटलं तरी त्या दाबानेच हिस्टमीनच्या पेशी आणखी फुटतात, आणि वर्षानुवर्षं चोळणाऱ्यांत बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा धोका असतो. ज्यांच्या घरात सतत डोळे चोळणारी शाळकरी मुलं आहेत त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

स्क्रीनबद्दल सगळं तुम्हाला पाठ असेल, म्हणून थोडक्यात. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा डोळे मिचकावतो, स्क्रीनवर ते निम्म्याहून कमी होतं आणि त्यातही पापणी पूर्ण मिटत नाही. मॉनिटर डोळ्यांपेक्षा जरा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत तोंडावर नको, रात्री पंखा डोक्यावर नको. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली. पुण्यात पावसाळ्यानंतर रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत हे ॲलर्जीचं जुनं दुखणं आहे. 1950च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्याचे कण वाऱ्यावर येतात आणि ती काच ते बरेचसे अडवते.

गुलाबपाणी, मध, तूप, काजळ, त्रिफळ्याचं पाणी, यांतलं काही डोळ्यात घालू नका. नळाच्या पाण्याने डोळे उघडून सपासप धुणंही नको, त्याने उरलीसुरली तर्रीही जाते. माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल विचारतात म्हणून सांगतो : 2018 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वर्षभर ओमेगा-3 घेणाऱ्यांचे कोरडे डोळे ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा काही जास्त सुधारले नाहीत. बांगडा आवडीने खा, औषध म्हणून पैसे घालू नका.

उजेड सहन होत नसेल, खरोखरची दुखरी कळ असेल, नजर कमी झाली असेल आणि मिचकावूनही सुधारत नसेल, एकाच डोळ्याला त्रास असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा. डोळ्यांसोबत तोंड कोरडं आणि सांधे धरलेले असतील, तर गोळी बंद केल्यावरही ते टिकतंय का बघा. टिकलं तर रक्ततपासणी लागते, कारण काही संधिवातांची सुरुवात अशी होते.

बदल केल्यावर दोन-चार दिवसांत फरक शोधू नका. जखमी पेशी भरून यायला आणि बुळबुळीत थर परतायला तीन-चार आठवडे लागतात. महिन्याने तपासणीला जाल तेव्हा सगळ्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. आणि कॅलेंडरवर एक खूण करा. यंदा खाज गणपतीच्या आसपास सुरू झाली असेल तर पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला डॉक्टरांना भेटून थेंब सुरू करायचे का ते ठरवा, आणि त्याच चिठ्ठीवर ते कधी थांबवायचे ती तारीखही लिहून घ्या.